उजवीकडची सीट

१० मार्च २०२५

आज निंगव्वाशी भांडण — जिऱ्याच्या डब्यावरून. मी डबा डावीकडच्या कप्प्यात ठेवते, ती उचलून उजवीकडच्या. ती या घरात पंधरा वर्षं स्वयंपाक करतेय आणि मी पाच महिने सलग राहतेय, तेव्हा कायद्याने बाजू तिचीच. ती म्हणाली, "बाई, तुमी पाव्हण्यासारकं बसा की. दोन दिसांत जायाचंच हाय तुमास्नी."

दोन दिवसांत जायचं असतं तर जिऱ्यासाठी कोण भांडलं असतं!

आमची कंपनी ऑक्टोबरात बंद पडली. विमानं भाड्याची होती, ज्याची त्याने नेली. आम्ही वैमानिक आपापल्या गावी पांगलो. माझं गाव सोलापूर. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी मी मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूला काढली. इथे यायची ती सुट्टीपुरती. घरून फोनवर विचारलं, कधी येणार, की माझं ठरलेलं उत्तर: ड्यूटी आहे, सांगता येत नाही. नवरा शुक्रवार पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात, मी ढगात, लेक सासूबाईंच्या मांडीवर. आता सासूबाई नाहीत, लेक पर्थला संसार करतेय, आणि मी ढगातून थेट जिऱ्याच्या डब्यापाशी.

लोक विचारायचे, तुम्हा दोघांचं इतकं छान कसं जमतं? एकत्र नसायचो म्हणून जमायचं, अशी मला हल्ली शंका येते.

महेश्वर दुकानातून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "काय कॅप्टन, अजून जमिनीवरच?" रोज हेच. चारचौघांत मी त्यांना 'अहो' म्हणते. इथे वहीत नाव घेतलं तर कोण ऐकतंय.

१३ मार्च

डबा मधल्या कप्प्यात. तह झाला.

२ एप्रिल

सकाळपासून अर्ज भरतेय. वयाच्या रकान्यात छप्पन्न लिहिलं की संगणकसुद्धा जरा थबकतो असं वाटतं.

नियमाने पासष्टपर्यंत उडवता येतं. म्हणजे नऊ वर्षं हातात आहेत. मला ती भरपूर वाटतात. कंपन्यांचा हिशेब वेगळा. बाईला शिकवायचं, तयार करायचं, आणि चारच वर्षांत ती साठ ओलांडणार. साठीनंतर शेजारी साठीच्या आतलाच वैमानिक लागतो, डॉक्टरी तपासणी दर सहा महिन्यांनी. त्यापेक्षा तिशीतला पोरगा घेतला की तो तीस वर्षं पुरतो. प्रेशर कुकर घेताना मीही असाच विचार केला असता.

आणि रांग! नव्या कंपनीत गेलं की रांगेच्या शेवटी उभं राहायचं. मागचा अनुभव मोजतात, मागचा नंबर नाही मोजत.

महेश्वरनी अर्जावरचा माझा फोटो पाहिला. म्हणाले, जरा हसली असतीस तर पंचावन्नची दिसली असतीस.

१७ एप्रिल

गुरुग्रामहून एका मुलीचा फोन आला. आवाज इतका गोड की मला वाटलं क्रेडिट कार्ड विकतेय. निघाली मोठ्या विमान कंपनीची. बराच वेळ बोललो. कुठली विमानं उडवली, शेवटचं कधी उडवलं, झोप नीट लागते का. मग तिने अगदी अलगद विचारलं, आपल्यापेक्षा वयाने लहान माणसाच्या हाताखाली काम करायला तुम्हाला अवघड जाईल का?

मी म्हटलं, बाळ, माझ्या वयाला सगळेच लहान असतात. ती खूप हसली. मीही हसले. फोन ठेवला तेव्हा नोकरी खिशात आहे असं वाटत होतं.

संध्याकाळी महेश्वरना सगळं साग्रसंगीत सांगितलं. त्यांनी ताटावरून मान वर केली. "तू तिला बाळ म्हणालीस?"

"हो. का?"

"काही नाही. आमटी वाढ."

५ मे

'आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा आम्हाला आदर आहे.' — गोड आवाजाच्या कंपनीचं उत्तर. आदर करायला लागले की समजावं, हातात नारळ दिला.

ऊन इतकं आहे की वाईट वाटून घ्यायलाही पंख्याखाली बसावं लागतं.

१९ मे

आणखी दोन नकार. दोन्हीकडे आदर.

पुढच्या आठवड्यात पुण्याला डॉक्टरी तपासणी आहे. नोकरी असो नसो, लायसन जिवंत ठेवायला ती करावीच लागते. महेश्वर काही दिवस माझ्याकडे बघत होते. आज म्हणाले, पेपर वाचताना हात लांब करतेस, हात पुरेनासे झाले की सांग.

दुकानात नेऊन खुर्चीत बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता. मी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला — इतकी वर्षं येता-जाता बघून पाठच आहे की! त्यांनी तो तक्ता काढला आणि दुसरा लावला. कानडी. अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला. मला कानडी बोलता येतं, माहेरी तेच बोलायचो. वाचायला कधी शिकलेच नाही. 

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि स्वतःशीच म्हणाले, डोळे बरे आहेत, शाळा कच्ची आहे.

मग नीट तपासलं. नंबर वाढलाय. चष्मा त्यांनी स्वतः घासून, बसवून दिला. इतका हलका की घातलाय हे कळत नाही. तेवढं मात्र त्यांना जमतं.

२८ मे

तपासणीत पास. डॉक्टर म्हणाले, चष्मा झकास आहे, कुठून केला? मी म्हटलं, ओळखीच्या दुकानातून.

११ जून

सोलापूरहून विमान सुरू झालं, गोव्याला. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. विमानतळ फार लांब नाही, आवाज येतो. पंख्याचं छोटं विमान. पहिल्या आवाजाला मी हातातलं लाटणं घेऊन गच्चीवर गेले.

निंगव्वा मागोमाग. "बाई, तुमचं इमान आलं बगा."

"माझं नाही गं ते."

"मग कुनाचं?"

याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, वैमानिक जरा उंचावरून येतोय, आता त्याला घाईने खाली यावं लागेल. तो आला, छान उतरला. माझ्यावाचून त्याचं काहीच अडलं नाही.

संध्याकाळी महेश्वर म्हणाले, शेजारचे विचारत होते, वहिनी लाटणं घेऊन विमानाला काय खूण करत होत्या?

८ जुलै

शरणबसवचा फोन! हुमनाबादचा पोरगा. पोरगा काय, चव्वेचाळीसचा असेल आता. पूर्वी माझा को-पायलट होता. मी डावीकडच्या सीटवर कॅप्टन, तो उजवीकडे. आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना त्याचे कान लाल व्हायचे. आता दक्षिणेतल्या एका छोट्या कंपनीत प्रशिक्षणाचा प्रमुख आहे. पंख्याची विमानं, छोटी गावं. म्हणाला, मॅडम, तुम्ही घरी बसलाय हे आत्ता कळलं, परीक्षेला या.

मी जेटवाली. पंख्याचं विमान कधी चालवलेलं नाही. महेश्वर म्हणाले, त्यात काय, आमच्या मिक्सरलाही पातंच असतं.

२३ जुलै, हैदराबाद

झाली परीक्षा. सिम्युलेटर म्हणजे खोलीएवढा डबा असतो. आत खरंखुरं कॉकपिट, खिडकीबाहेर खोटं आकाश. उड्डाण घेतानाच एक इंजिन बंद पाडतात आणि मजा बघतात.

पहिल्यांदा मी चुकले. घाबरून नाही, सवयीने. हात जेटचे, विमान दुसरं. जास्तच जोर लावला, विमान वेडंवाकडं गेलं. परीक्षक अनोळखी होता, म्हणाला पुन्हा करू. दुसऱ्यांदा मी हात सैल सोडले, पायाने हळूहळू सरळ केलं, आणि ते ऐकायला लागलं. ते ऐकायला लागतं ना, तो क्षण! नऊ महिन्यांनी आला. शर्ट घामाने चिंब आणि मला उगाच हसू येत होतं.

बाहेर आले तर शरणबसवचे कान लाल. परीक्षा माझी, कान त्याचे.

१२ ऑगस्ट

शरणबसव फोनवर अडखळत होता तेव्हाच कळलं.

मला घेतायत. पण उजवीकडे. को-पायलट म्हणून, निदान एक वर्ष. त्यांच्याकडे डावीकडच्या सीटसाठी त्यांच्याच पोरांची रांग आहे, ती मोडता येत नाही. तो म्हणाला, "मॅडम, हे तुम्हाला मी सांगावं याची मला लाज वाटते. पण या. वर्ष जाईल की भुर्रकन."

मी हसून म्हटलं, विचार करते. विचारलं, कॅप्टन कोण असेल? एक एकतीस वर्षांची मुलगी, चांगली आहे म्हणाला. असेलच चांगली. सोळा वर्षं मी डावीकडे बसले. माझी सही झाल्याशिवाय विमान हललं नाही. आता मी तिला विचारायचं, चाकं वर घेऊ का?

महेश्वरना सांगितलं. मला वाटलं चिडवतील, त्याची तयारी ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, विमान तेच आहे ना?

डोकंच फिरलं. चष्म्याच्या दुकानात बसून बोलायला काय जातं!

१४ ऑगस्ट

नाही म्हणून कळवलं. शरणबसव म्हणाला, समजलं मॅडम. आवाजावरून वाटलं, सुटल्यासारखं त्यालाच झालं.

निंगव्वाने आज आपणहून माझ्या आवडीची शेंगांची पोळी केली. बातमी तिच्यापर्यंत कशी जाते कोण जाणे.

६ सप्टेंबर

महेश्वर म्हणाले, घरी बसून निंगव्वाचं डोकं खाण्यापेक्षा दुकानात ये, माझं खा. जायला लागले.

गल्ल्यामागे माझी खुर्ची. पहिल्याच दिवशी फ्रेमा रंगाप्रमाणे लावून टाकल्या. त्या आधी गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे लावलेल्या असतात, हे मला नंतर कळलं. दोन दिवस ते हवी ती फ्रेम शोधत होते. नुसते "हं, हिरव्यात असेल" म्हणत खाली वाकत होते.

आज मोहोळचे एक बागाईतदार आले. धिप्पाड माणूस. सोनेरी गोल फ्रेम लावून आरशात वळून वळून बघत होते. मला विचारलं, ताई कशी दिसते? मी म्हटलं, घुबडासारखी. ते फ्रेम ठेवून बाहेर पडले.

 महेश्वर कापडाने काच पुसत म्हणाले, "इथं खोटं बोलायचं नाहीच. पण खरं जरा सांभाळून उतरवायचं असतं, कॅप्टन. पाणी भरलेल्या धावपट्टीवर उतरवतात तसं."

हे धावपट्टीचं कुठून शिकले? म्हणजे इतकी वर्षं मी बोलायचे ते ऐकत होते तर.

७ सप्टेंबर

बागाईतदार परत आले! म्हणाले, घरी बायकोनेही तेच सांगितलं. चौकोनी घेऊन गेले. मी महेश्वरकडे बघितलंच नाही. बघायची गरजच नव्हती.

२५ ऑक्टोबर

आजचं लिहायला नको वाटतंय. म्हणून लिहिते.

चन्नम्मा बाई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. गेल्या महिन्यात नवा चष्मा मागायला आल्या होत्या. महेश्वरनी त्यांना सांगितलं, तुमचा मोतीबिंदू पिकलाय, आधी ऑपरेशन करून घ्या, नंबर बदलेल, मग चष्मा करू. आणि ते जेवायला घरी गेले. बाई माझ्यापाशी बसून राहिल्या. वाचता येत नाही, पोथी अर्धी राहिली म्हणाल्या. मला ते पटलं नाही. माणसाला आज दिसत नाही तर आज चष्मा द्यावा. मी त्यांचा नंबर पाठवून काचा मागवल्या आणि चष्मा करून त्यांच्या घरी पोचवला. महेश्वरना सांगितलंही नाही. सांगायचं कशाला, निर्णय झाला होता ना.

आज बाई आल्या. ऑपरेशन झालंय. नवा चष्मा डोळ्याला लावला की गरगरतंय. बिचाऱ्या मला नाही, महेश्वरनाच म्हणाल्या, तुम्ही आधीच सांगितलं होतं, मग केलात कशाला? महेश्वर एका क्षणात समजले. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, चूक दुकानाची, बाई, दुसरा करून देतो. खुर्चीत बसवून पुन्हा सगळं तपासलं.

घरी आलो. मीच म्हटलं, बोला की. ते म्हणाले, "तुला दुसऱ्याच्या शेजारी बसता येत नाही गं. त्यात तुझा दोष नाही, सवयच नाही."

मग पाणी प्याले आणि म्हणाले, "शरणबसवला तू नाही म्हणालीस, ते लाजेपायी नव्हे. तुला भीती वाटली, जमायचं नाही म्हणून."

 

२६ ऑक्टोबर

सकाळी दुकानात जाऊन फ्रेमा त्यांच्या जुन्या पद्धतीने लावल्या. एकही जागा विचारल्याशिवाय ठरवली नाही. इतकं विचारलं की शेवटी म्हणाले, आता एवढंही नको.

९ नोव्हेंबर

धीर करून शरणबसवला फोन केला. सांगितलं, उजवीकडे बसते, वर्षभर, जास्त लागलं तर जास्त.

 तो म्हणाला, मॅडम, जागा भरल्या. गेल्याच महिन्यात. पुढच्या वर्षी बघू या नक्की. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी सत्तावन्नची.  त्याला बरं वाटावं म्हणून मीच त्याच्या मुलांची चौकशी केली.

महेश्वरनी दुकान लवकर बंद केलं. सिद्धेश्वर तलावाकाठी बसलो, चुरमुरे घेतले. त्यांनी विचारलं, उडायला नाहीच मिळालं तर काय करशील? मी म्हटलं, तुमच्या दुकानात आहेच की. ते म्हणाले, नको, दुकान अजून तरणं आहे, त्याच्यावर दया कर.

हसले. मग रडले थोडी. त्यांनी माझ्या पुढ्यातले चुरमुरे संपवले. म्हणाले, भिजतील म्हणून.

६ डिसेंबर

काय चाललंय हे! वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि वैमानिक कमी पडले. विमानं रद्द, विमानतळांवर लोक बॅगांवर झोपलेत. टीव्हीवर तेच. आजवर कुणाला आमची झोप दिसली नव्हती, आता साऱ्या देशाला दिसली.

१० डिसेंबर

फोन. एक नाही, तीन! त्यातला एक गोड आवाजाचा. यावेळी तिने माझी झोप विचारली नाही, लहान-मोठं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, मॅम, सोमवारी दिल्लीला येऊ शकाल? डावीकडची सीट. माझंच ओळखीचं विमान. मी शहाण्यासारखी तिला बाळ म्हणाले नाही.

निंगव्वा भाकरी थापत म्हणाली, "म्हातारी मान्सं आडचणीलाच आटवत्यात बगा लोकास्नी."

१९ डिसेंबर

दिल्लीहून आले. परीक्षा पास. जानेवारीत रुजू व्हायचं, ठाणं दिल्लीच. कॅप्टन! पेढे घेऊन थेट दुकानात गेले. महेश्वरनी पेढा खाल्ला, गिऱ्हाइकांना वाटला, म्हणाले, छान झालं. मग चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

२२ डिसेंबर

तीन दिवसांत हा माणूस मला एकदाही 'कॅप्टन' म्हणालेला नाही. जमिनीवर असताना दिवसातून दहादा म्हणायचा. आता खरोखर झाले तर नुसतं "ऐकलंस का".

ताटावर बसल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, नाही म्हणून कळवू का? खरंच कळवते. आता जमायला लागलंय इथे, मलाही.

"कशाला? नऊ वर्षांतलं एक इथंच गेलं की."

"आणि तुम्ही?"

"मी माझं बघतो."

बस्. एवढंच. एकोणतीस वर्षांचा संसार आणि 'मी माझं बघतो'. मला वाटलं होतं, थांब म्हणतील. थांबले नसते कदाचित. पण म्हणायला काय हरकत होती?

१७ जानेवारी २०२६

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत महेश्वर पांढऱ्या बाराबंदीत, रांगेत. मी दरवर्षी या दिवसांत कुठेतरी आकाशात असायचे. यंदा रस्त्याकडेला उभं राहून त्यांना नीट बघितलं. चांगले दिसतात. सांगितलं नाही. डोक्यावर बसतील.

उद्या निघायचं. निंगव्वा म्हणाली, आता कवा येनार? मी म्हटलं, सुट्टी मिळाली की. ती म्हणाली, व्हय, तसंच म्हनायच्या तुमी पैल्यापासनं.

१९ फेब्रुवारी, दिल्ली

द्वारकेत दोन खोल्या घेतल्यात. वर्ग, सिम्युलेटर, पुन्हा वर्ग. आमच्या तुकडीत माझ्यासारखी आणखी काही जुनी खोडं आहेत. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकदम खिशातून चष्मे काढतात. माझा सगळ्यांत हलका.

घरी फोन करते तर महेश्वर "जरा कामात आहे" म्हणतात. दिवसा तर उचलतच नाहीत. एकोणतीस वर्षांत या माणसाला पहिल्यांदाच माझ्यापेक्षा जास्त काम लागलंय. मी नसले की बरंच मोकळं वाटत असणार. वाटो. मला काय.

निंगव्वाला विचारलं, साहेब जेवतात का नीट? ती नुसती हसली आणि फोन ठेवून दिला.

२ मार्च

आज परत उडाले. खरं आकाश, खरी माणसं मागे. भुवनेश्वरला जाऊन आले. शेजारी सव्वीस वर्षांचा को-पायलट. त्याने एक गोष्ट माझ्याआधी पाहिली आणि सांगितली. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, तसंच करू. 

उतरल्यावर पहिला फोन सोलापूरला केला. घंटी वाजत राहिली.

९ मार्च

महेश्वर परवा सकाळी ट्रंक घेऊन माझ्या दारात उभे होते. दुकान त्यांनी चुलतभावाला, संगमेशला, चालवायला देऊन टाकलं. इथली नोकरी तिथूनच फोनवर ठरवून आले. बाजारातल्या मोठ्या चष्म्याच्या दुकानात, मदतनीस म्हणून. मॅनेजर सत्तावीस वर्षांची आहे, त्यांना 'अंकलजी' म्हणते. साठीला आलेला, घरच्या दुकानाचा मालक माणूस. मला म्हणाले, पोरगी हुशार आहे, शिकण्यासारखं आहे.

आज माझी सुट्टी, त्यांचा पहिला दिवस. डबा मी भरला, भाकरी जाड झाली. दाराशी विचारलं, "घरी कधी येणार?"

बूट बांधता बांधता म्हणाले, "ड्यूटी आहे. सांगता येत नाही."